दुसरी हाक

पिशवी मी मुद्दाम पॅसेजमध्ये ठेवली होती. स्वयंपाकघरातून मागच्या खोलीकडे जायला आमच्या घरात तेवढीच एक वाट, आणि पिशवी काही लहानसहान नव्हती. आत साड्या, कात्र्यांचा डबा, माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, आणि वर सुतळीने बांधलेली माझी उशी. उशी घेऊन कुणी चार दिवसांसाठी जात नाही. हे कळायला माणसाला फार हुशार असावं लागत नाही.

हे आले. एका हातात सोल्डरिंग गन, दुसऱ्या हातात चहाचा कप. पिशवीपाशी थांबले, खाली पाहिलं, पाय उंच करून ती ओलांडली आणि खोलीच्या दाराशी वळून म्हणाले, "नलवडे येत नाहीये."

मी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. तूरडाळ, मूगडाळ, साबुदाणा. मी गेल्यावर ह्यांना सापडावं म्हणून.

"का येत नाही?"

"मेव्हण्याचा साखरपुडा निघाला म्हणे. ऐन वेळी सांगतोय." घोटभर चहा घेऊन झाला, मग म्हणाले, "तू बसशील का आज?"

"कुठे?"

"उजव्या सीटवर. हुबळीचा कार्यक्रम आहे, दोन माणसं लागतातच."

हुबळी म्हटल्यावर माझ्या हातातली चिठ्ठी मुगाऐवजी मटकीच्या डब्याला चिकटली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी धारवाडला निघणार होते, कायमची. धारवाड आणि हुबळी म्हणजे एकाच दांडीवरचे दोन कपडे. सांगायचं मी नाही, विचारायचं ह्यांनी, एवढी एकच अट मी मनाशी घातली होती. 'कुठे निघालीस?' एवढं जरी ह्यांच्या तोंडून आलं असतं तरी मी पिशवी उघडून साड्या परत कपाटात लावल्या असत्या. तीन दिवस पिशवी तिथे होती. तीन दिवस हे ती ओलांडत होते.

"बसते," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? बऱ्याच वर्षांत ह्यांनी मला कशासाठी विचारलं नव्हतं.

हे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. जन्मभर सांगलीकरांचे फोन जोडून दिले आणि घरी आले की तोंडाला कुलूप. सुरुवातीला मला वाटायचं, दिवसभर यंत्रांच्या आवाजात राहून माणूस थकतो. मूलबाळ झालं नाही, तेव्हा वाटलं, त्याचंच मनाला लागलंय. ते मलाही लागलं होतं, पण मी बोलून मोकळी व्हायचे, निदान भांड्यांशी तरी. मग हे निवृत्त झाले आणि एक दिवस कॉम्प्युटरवर कुणा परदेशी गृहस्थाने घरात बांधलेलं विमानाचं कॉकपिट ह्यांनी पाहिलं. झालं. ह्यांनी मनावर घेतलं.

मागच्या खोलीत तेव्हा माझा शिवणाचा क्लास चालायचा. "तसाही तुझा क्लास बंदच पडत आलाय," हे म्हणाले, आणि ते अगदीच खोटं नव्हतं म्हणून माझं मशीन स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी आलं. खोलीत प्लायवूड आलं. मिरजेच्या भंगारातून एका जुन्या व्हॅनच्या दोन सीटा आल्या. पुण्याच्या जुन्या बाजारातून पोतंभर बटणं आली, ती हे रात्रंदिवस निवडत बसायचे. समोर कापडाचा गोल पडदा, वर तीन प्रोजेक्टर. डोक्यावर बटणांचं छत. मधे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचे थ्रॉटलचे दांडे, ते ह्यांनी स्वतः लेथवाल्याच्या मागे बसून करून घेतले. सीटांना करडं रेक्झिन मी शिवून दिलं, दुहेरी टीप घालून. खोटं कशाला बोलू, काम देखणं झालं होतं. नलवडे, बँकेतला मुलगा, विमानांचा वेडा, पहिल्यांदा बघायला आला तेव्हा बूट काढून आत गेला. गाभाऱ्यात शिरावं तसा.

चाकांचे तीन हिरवे दिवे तर आठवडाभर जेवणाच्या टेबलावर, चटणीच्या वाटीशेजारी लुकलुकत होते. विमानाची चाकं खाली आली की ते लागतात. एक लागे, दोन लागत, तिसरा काही केल्या लागेना. हे घास हातात धरून त्याच्याकडे बघत बसायचे. "अहो, आमटी निवतेय," मी म्हणायचे. आमटी निवून जायची.

आणि मग दार बंद व्हायला लागलं. ह्या हौशी लोकांचं इंटरनेटवर एक जग असतं, ते मला तेव्हाच कळलं. देशभरात माणसं आपापल्या घरी बसून पायलट होतात, काही जण विमानांना वाट सांगणारे कंट्रोलर होतात, आणि कानाला हेडफोन लावून इंग्रजीतून एकमेकांशी बोलतात. दाराबाहेर मशीनवर बसून मी ऐकायचे. आत हे बोलायचे. हसायचेसुद्धा! चंदीगडचे कोणी कॅप्टन सूद होते, ते ह्यांना 'बालू' म्हणायचे. भालचंद्रचं बालू. सूदांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी, कुठल्या पायाचं, टाके कधी निघाले, सगळं ह्यांना पाठ. माझेही गुडघे दुखायचे, पण ते इंटरनेटवर नव्हते.

दार ठोठावून मी विचारायचे, "अहो, चहा टाकू?" उत्तर नाही. "अहो, भाजी काय करू?" उत्तर नाही. रागाने नाही बरं. ह्यांनी आयुष्यात कधी माझ्यावर आवाज चढवला नाही. ऐकूच यायचं नाही, इतकंच. मला फार एकटं वाटायचं. घरात कोणी नसताना वाटतं तसलं नाही, त्याला निदान काही उपाय असतो. घरात माणूस असून वाटतं, ते.

धारवाडहून मालूताईचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन यायचा. तिचं मुलींचं वसतिगृह आहे. "खालची खोली रिकामी आहे, कुमुद. क्लास काढ. तिथे फ्रिजशी बोलत बसण्यापेक्षा इथे मुलींशी बोल." मालूताई जरा फटकळ आहे, पण ती चुकीचं बोलत नाही.

तर त्या रविवारी दुपारी मी पदर खोचून उजव्या सीटवर बसले. मी स्वतः शिवलेल्या रेक्झिनवर बसायची माझी ती पहिलीच वेळ. ह्यांनी माझ्या कानांवर नलवडेचा हेडफोन चढवला, माईक तोंडासमोर आणला, माझा अंबाडा मधे येत होता तो जरा वर सरकवला. हात लावून सरकवला. 

"ऐकू येतंय?" आवाज थेट माझ्या कानात आला.

"येतंय."

"'येतंय' नाही म्हणायचं. 'लाउड अँड क्लिअर.'"

"लाउड अँड क्लिअर."

"शाब्बास. हे बघ, तुझ्यासमोर जे आहे ते—"

"स्टिअरिंग."

"योक. स्टिअरिंग काय, एस.टी. आहे का?"

"योक म्हणजे जू ना? बैलांचं?"

हे हसले. "हो की. जूच. आणि तुझं नि माझं खालून सायकलच्या चेनने जोडलंय. मी वळवलं की तुझं वळतं, तू ओढलंस की माझं येतं."

"बघा, तीस वर्षांनी तरी जोडलंत," मी म्हणाले. ह्यांच्या ओठांवर हसू राहिलं होतं.

मग मला शिकवलं. हे जे म्हणतील ते मी आधी मोठ्याने परत म्हणायचं, मग करायचं, आणि झालं की सांगायचं. त्यावर हे 'चेक्ड' म्हणणार. मुक्याने काही करायचं नाही. मान डोलवायची नाही, 'हं' म्हणायचं नाही. विमानात गप्प बसणं हा गुन्हा आहे, असं हे म्हणाले. हे! मी ह्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

पुण्याहून निघालो. समोरच्या पडद्यावर धावपट्टी सुरू झाली.

"एटी नॉट्स," मी म्हणाले, सांगितल्याप्रमाणे.

"चेक्ड."

"रोटेट."

ह्यांनी योक ओढला, माझा योक माझ्या पोटाकडे आला, आणि पडद्यावर नुसतं आभाळ झालं.

"गिअर अप."

"गिअर अप," म्हणून मी चाकांचा दांडा वर केला. तीन हिरवे दिवे विझले. "गिअर अप झालं."

"चेक्ड."

"फ्लॅप्स वन."

"फ्लॅप्स वन..." पंखांच्या झडपांचा दांडा मी एका खाचेवर आणला. "सेट."

"चेक्ड."

आता हे वाचणाऱ्याला काही वाटणार नाही. पण मला काय झालं ते सांगते. मी एक शब्द टाकत होते आणि त्याला उत्तर येत होतं. लगेच. प्रत्येकाला. कानात. पहिल्या काही मिनिटांत आम्ही जेवढं बोललो तेवढं त्या वर्षात बोललो नसू. मी मुद्दाम काहीबाही विचारायला लागले. हे बटण कशाचं? तो काटा का हलतोय? हे उत्साहाने सांगत होते, मधेच कंट्रोलरला इंग्रजीत जबाब देत होते, परत माझ्याकडे वळत होते. कपाळावर घाम, चष्मा नाकावर घसरलेला. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला सायकल शिकवताना हे असेच दिसायचे. मी विसरून गेले होते. माझं मन इतकं भरून आलं की मला ते लपवायला खिडकीबाहेर, म्हणजे पडद्याकडे, बघावं लागलं.

"खाली बघ," हे म्हणाले. "कृष्णा. सांगलीवरून चाललोय आपण."

खाली निळा दोरा पडला होता.

"आपलं घर कुठे?"

"घरं नाहीत ह्यात. मोठ्या शहरांचीच केलीयेत. बाकी नुसतं हिरवं टाकलंय."

मी वाकून हिरव्याकडे पाहिलं. त्याच्यात कुठेतरी आमचं घर, घरात पॅसेज, पॅसेजमध्ये माझी पिशवी. म्हणजे तिथे ती नव्हतीच. आणि सांगलीवरून जाता जाता मी ठरवलं की उतरलो की आधी ती पिशवी उघडायची. विचारलं नाही ह्यांनी तर नाही विचारलं. रोज उजव्या सीटवर बसेन. नलवडेला सांगेन, बाबा रे, तू आपली बँक सांभाळ.

"अहो, पण समजा," मी म्हणाले, "मी काही म्हणाले आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत, तर?"

"चांगला प्रश्न आहे," हे म्हणाले. असं मला कधी कोणी म्हटलं नव्हतं. "त्याला नियम आहे. एकदा हाक मारली, उत्तर आलं नाही, तर परत मारायची. दुसऱ्या हाकेलाही उत्तर आलं नाही, तर तो माणूस गेला असं धरायचं."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे झटका आला असेल, शुद्ध हरपली असेल. डोळे उघडे असतात कधीकधी, हातही योकवर असतात, दिसतो धडधाकट. पण आत नसतो. वाट बघत बसायचं नाही. 'आय हॅव कंट्रोल' म्हणायचं आणि विमान आपल्या ताब्यात घ्यायचं. जमिनीजवळ असलीस तर हे दांडे पुढे, योक पोटाकडे, सरळ वर."

"दोनच हाका?"

"दोनच."

"आणि इंग्रजी सुचलं नाही ऐन वेळी?"

"तर 'माझ्याकडे' म्हण. पण घे." हे परत समोर बघायला लागले. "कितीतरी जण भिडेपोटी घेत नाहीत, आणि दोघंही जातात."

मी नियम मनात घोळवला. गंमत वाटली, आणि थोडी थंडीही वाजली.

हुबळी जवळ आली तशी कानात गर्दी झाली. कार्यक्रमच होता तो, देशभरातली ही मंडळी एकाच वेळी हुबळीला उतरत होती. सूद आमच्या पुढे होते. ते उतरले आणि तिथूनच ह्यांच्याशी गप्पा हाणायला लागले. धावपट्टी कशी आखूड आहे, ब्रेक कसे दाबावे लागले, बालू तू बघच. हे हसत होते. ऑटोपायलट काढून हातांनी विमान आणत होते. "फ्लॅप्स थर्टी," म्हणाले, मी "फ्लॅप्स थर्टी, सेट," म्हणाले, ह्यांनी 'चेक्ड'सुद्धा म्हटलं. उतरण्याआधी तपासायच्या गोष्टींची यादी कधी वाचायची ते हे सांगणार होते. ते राहून गेलं. सूद काहीतरी विनोद सांगत होते.

माझी नजर चटणीच्या वाटीशेजारच्या त्या दिव्यांकडे गेली. तिन्ही काळे.

चाकं वरच होती. खऱ्या विमानात अशा वेळी मोठा भोंगा वाजतो. ह्यांनीही बसवला होता, पण सारखा ओरडतो, डोकं उठतं, म्हणून तो काढून ठेवला होता. धावपट्टी मोठी मोठी होत येत होती. मला म्हणायचं होतं 'गिअर', निदान 'कॅप्टन'. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून शिकवलेलं येत नाही, सवयीचं येतं.

"अहो!" मी म्हणाले.

हे समोर बघत होते. हात योकवर, डोळे उघडे. कानात सूद बोलत होते आणि हे त्यांना "यस, यस" म्हणत होते.

"अहो!!"

काही नाही. पापणीसुद्धा हलली नाही. माझा आवाज थेट ह्यांच्या कानात जात होता, लाउड अँड क्लिअर, ह्यांनीच तपासला होता. पण तो शब्द ह्यांच्या कानांनी कधीच सोडून दिला होता. पंखा फिरत असतो, तो आपल्याला कुठे ऐकू येतो?

"माझ्याकडे!" मी ओरडले, दांडे पुढे रेटले आणि योक दोन्ही हातांनी पोटाशी ओढला. चेन खडखडली. ह्यांचा योक ह्यांच्या हातांतून निसटून छातीवर आदळला. धावपट्टी खाली गेली, पडद्यावर आभाळ आलं, नुसतं आभाळ.

"अगं! काय केलंस हे?"

"चाकं वर आहेत."

ह्यांनी दिव्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चेहरा पांढरा पडला होता. खेळ तो, पण ह्यांच्यासाठी कुठे खेळ होता? सूदांसकट सगळे बघत होते, त्यांच्यासमोर हे पोटावर घसरत गेले असते.

"बोलायचं नाहीस का मग?"

"बोलले. दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही. तुम्ही गेलात असं धरलं."

"कधी मारलीस?"

"आत्ता. 'अहो' म्हणाले. दोनदा."

ह्यांनी कपाळाला हात लावला. वैतागून नाही, अगदी मनापासून समजावून सांगावं तसं म्हणाले, "अगं, 'अहो' हा काय कॉल आहे? 'गिअर' म्हणायचं, 'कॅप्टन' म्हणायचं, नावाने तरी हाक मारायची. 'अहो' म्हटल्यावर मला कसं कळणार?"

मी हसले. खरंच हसले. इतकं स्पष्ट उत्तर मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

कानात कंट्रोलर विचारत होता, काय झालं म्हणून. ह्यांनी माईक जवळ घेतला आणि इंग्रजीत सांगितलं की आम्ही सरावासाठी मुद्दाम वर गेलो, आधीच ठरलं होतं. सूद म्हणाले, वा बालू, व्हेरी प्रोफेशनल. हे हसले. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत. उजव्या सीटवर कोणी आहे, हे त्या मंडळींना कळलंच नाही.

दुसऱ्या खेपेला सगळं यथासांग झालं. "गिअर डाउन," "गिअर डाउन, तीन हिरवे," "चेक्ड." मऊ लोण्यावर सुरी फिरावी तसं ह्यांनी विमान टेकवलं. धारवाडच्या वेशीशी मला आणून सोडलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"छान बसलीस हं," हे म्हणाले. "मंगळवारी कोचीन आहे. ये तू. नलवडेपेक्षा बरी आहेस." आणि लगेच टॉर्च घेऊन पाठीवर आडवे झाले, डोकं समोरच्या पॅनेलखाली घातलं. "हा भोंगा जोडायलाच हवा. जरा टॉर्च धर."

मी धरला. पॅनेलखालून ह्यांचे फक्त पाय दिसत होते, एका मोज्याला भोक पडलेलं. मोजे मी रफू करून द्यायचे, तेवढा एक राहिला होता.

"मंगळवारी मी इथे नसेन," मी म्हणाले.

"हं. डावीकडे धर जरा. अजून डावीकडे."

मी डावीकडे धरला.

रात्री जेवायला येताना ह्यांनी पिशवी ओलांडली. जेवून परत जातानाही ओलांडली. मी ती उघडली नाही.

सकाळी रिक्षा फाटकाशी येऊन उभी राहिली तेव्हा आतून भोंगा वाजत होता. जोडला होता ह्यांनी, आणि काय कर्कश वाजत होता! शेजारच्या आगाशेबाई ओट्यावर येऊन कानात बोटं घालून उभ्या राहिल्या. पिशवी मी रिक्षात ठेवली आणि भोंगा थांबायची वाट बघत पायरीवर उभी राहिले. मला कोणी म्हणायला नको होतं की आवाजात ऐकू आलं नाही. भोंगा थांबला. घर अगदी शांत झालं. आत हातातून पक्कड खाली पडल्याचासुद्धा आवाज आला.

"अहो, निघाले मी!"

मी थांबले. रिक्षावाला थांबला. आगाशेबाईंनी कानातली बोटं काढली.

उत्तर आलं नाही.

दुसरी हाक अगदी ओठांपर्यंत आली होती. त्या क्षणी मला काय वाटलं ते नीट सांगता येतं, कारण तेव्हापासून मी तेच स्वतःला सांगत आले आहे. पहिली हाक कुणाचीही वाया जाऊ शकते. माणूस तारेत गुंतलेला असतो, विचारात असतो. पण दुसरी मारली आणि तिलाही उत्तर आलं नाही, तर नियम पक्का आहे. वाट बघायची नाही. माणूस गेला असं धरायचं. आणि मला ते धरायचं नव्हतं. मी रिक्षात बसले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. धारवाडात माझा क्लास बरा चालतो, मुली खूप बडबड करतात, माझं नवं मशीन खिडकीशी आहे. हे महिन्यातून दोनदा तरी फोन करतात. "हिंग कुठे आहे?" म्हणून. डब्यावर लिहिलंय, असं मी सांगते. "हो का," म्हणतात, आणि मग दोन्हीकडे नुसती शांतता असते. फोन मात्र लगेच ठेवत नाहीत. टेलिफोनमधला माणूस, लाइन तोडवत नसेल.

नलवडे मधे हुबळीला बँकेच्या कामाला आला होता, तेव्हा भेटून गेला. म्हणाला, "काकू, काका आता मला उजव्या सीटवर बसू देत नाहीत. कुणालाच नाही. एकटेच उडवतात. दोन्हीकडचं स्वतःच बोलतात. इकडून म्हणतात 'गिअर डाउन', आणि तिकडे वळून स्वतःच म्हणतात 'तीन हिरवे'." सांगताना त्याला हसू येत होतं, मग माझ्याकडे बघून थांबला. मी त्याला पोहे केले.

संध्याकाळी हुबळीकडे उतरणारं विमान कधीकधी आमच्या गच्चीवरून दिसतं. मुली आकाशाकडे बोट दाखवतात. मी आधी चाकं बाहेर आहेत का ते बघते.

"नवऱ्याला सोडलंत का तुम्ही?" असं इथे बायका विचारतात, आडून आडून. मी नाही म्हणते. त्यांना ते पटत नाही, मालूताईलाही पटत नाही. पण नियम दोन हाकांचा आहे. त्या सकाळी पायरीवरून मी एकच मारली. दुसरी अजून माझ्याकडे आहे.